सहाची गोळी

त्या रात्रीच्या नर्सिंग नोट्समध्ये माझ्या अक्षरात एक ओळ आहे : 'रिलेटिव्ह नॉट को-ऑपरेटिव्ह.' खाली सही आणि वेळ, १.२०. चौदा वर्षांच्या नोकरीत अशा ओळी किती लिहिल्या, मोजलं नाही. पुढे काही वाद झाला तर कामाला येतात, म्हणून आम्ही त्या लिहून ठेवतो.

काका बारा नंबरच्या बेडवर. वय ७३, अकरा वर्षांपासून पार्किन्सन, आता घास श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया. नाकातून पोटात फीडसाठी राइल्स ट्यूब, ऑक्सिजन चालू. सोबत एकट्या काकू. तासगावकडच्या. कॉलेजजवळ वीस वर्षं मेस चालवलेली. डबा साडेबाराचा म्हणजे साडेबाराला, असा सगळा कारभार. उशाशी शंभर पानी वही आणि बटणांचा साधा मोबाइल. त्याचा अलार्म दिवसातून पाच वेळा ठणाणा करायचा : सहा, साडेनऊ, एक, साडेचार, आठ. या सिन्डोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीच्या वेळा. शेजारच्या बेडवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा तो अलार्म बंद करायला मीच सांगितलं होतं.

कॅज्युअल्टीत कुणीतरी चार्टवर 'सिन्डोपा प्लस, टीडीएस' लिहिलं होतं. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, आणि आमच्याकडे ते तीनदा म्हणजे आठ-दोन-आठ. अँटिबायोटिक असो की कॅल्शियम, ट्रॉली तेव्हाच फिरते. घरून आणलेल्या गोळ्या जवळ ठेवायच्या नाहीत असा नियम, त्यामुळे काकूंची पाकिटं काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. साडेनऊ झाले की त्या काउंटरशी येऊन उभ्या राहायच्या आणि आम्ही मान वर न करता म्हणायचो, "राउंडला मिळेल, काकू."

दोन दिवसांत काका लाकडासारखे कडक झाले. फिजिओच्या मुलीला कोपर सरळ करता येईना. छातीतला कफ सुटेना, कारण खोकायलाही स्नायू हलावे लागतात. आम्ही ते न्यूमोनियाच्या खात्यावर टाकलं. पण सिन्डोपाचा जोर तीन-चार तासांत ओसरतो. पाचाच्या तीन झाल्या, त्यातही दोन डोसांमध्ये सहा-सहा तास, तर माणूस थिजणारच. शिवाय दूध-प्रोटीन पावडरच्या फीडबरोबर दिली तर ती नीट शोषली जात नाही. काकू फीडच्या अर्धा तास आधी गोळी मागायच्या ती त्यासाठी. त्यांच्या वहीत हे सगळं लिहिलेलं होतं. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत 'पार्किन्सन्स' असंही होतं. लाल शाई आमच्याकडे इतकी असते की ती दिसतच नाही.

दुसऱ्या रात्री एक वाजता काकांना उलटी झाली. कुशीवर घेतलं, सक्शन केलं, ट्यूबमधून पोटातलं फीड काढून घेतलं. हे काम माझं चोख आहे. त्या दोन मिनिटांत थेंबभर आत गेलं असतं तर ऑक्सिजनवरून थेट व्हेंटिलेटर. मग आरएमओला, रात्रपाळीच्या डॉक्टरला, फोन केला. तो म्हणाला, "एक पेरिनॉर्म मारा आयव्ही." मी हो म्हटलं. सव्वीस पेशंट, दोन सिस्टर, एक मावशी. अँप्युल फोडली, सिरिंज भरली, बेडशी आले.

काकूंनी काकांच्या सलाइन लावलेल्या हातावर आपला हात ठेवला.

"कुठलं इंजेक्शन आहे, सिस्टर? नाव वाचा."

"उलटीचं आहे, काकू. हात काढा."

"नाव वाचा."

मी वाचलं. त्यांनी चष्मा लावला, वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली चिठ्ठी काढली. न्यूरोच्या डॉक्टरांच्या अक्षरात तीन नावं आणि वर 'देऊ नये' : पेरिनॉर्म, स्टेमेटिल, सेरेनेस.

पार्किन्सनमध्ये मेंदूला डोपामिन कमी पडतं, सिन्डोपा ते भरून काढते. पेरिनॉर्म उलटी थांबवतं ते त्याच डोपामिनची वाट अडवून, आणि ते मेंदूतही पोचतं. नर्सिंगच्या कोर्सला, जीएनएमला असताना मी हे शिकले होते, पेपरात लिहिलंही असेल. पण त्या क्षणी मला आठवलं ते एवढंच, की रात्री एक वाजता एक बाई सगळ्या वॉर्डासमोर माझा हात अडवते आहे. मी म्हटलं, "डॉक्टर तुम्ही आहात की आम्ही?" त्या म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांना फोन लावा. ते हो म्हणाले तर हात काढते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी सिक्युरिटीला बोलावलं असतं आणि प्रश्न तिथेच मिटला असता. नगरसेवकाचा फोन आणणाऱ्या नातेवाइकाला आम्ही खुर्ची देतो. वही घेऊन येणाऱ्याला मात्र 'शंकेखोर' म्हणतो. हे मी स्टाफरूममध्ये कधी बोलले नाही.

सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, काउंटरला आले आणि आधी ती ओळ लिहिली. फोन त्यानंतर लावला. हा क्रम मला अजून टोचतो.

सर झोपेतून उठले होते. नाव ऐकून म्हणाले, "पेरिनॉर्म? पार्किन्सनच्या पेशंटला? एमसेट द्या. आणि सिन्डोपा घरी किती वाजता घेतात ते बायकोला विचारून चार्ट बदला." फोन ठेवला. मी एमसेट दिलं, तेही उलटीचंच. काकूंनी वहीतल्या पाच वेळा वाचून दाखवल्या, मी लाल पेनाने चार्टवर उतरवल्या. "माझं चुकलं" असं काही मी म्हटलं नाही. आरएमओला मी फार दोष देत नाही. त्याची सलग तिसरी ड्यूटी होती, आणि 'पार्किन्सन' हा शब्द फोनवर मीच सांगितला नव्हता.

तीन दिवसांत काका चमच्याने पेज गिळू लागले. नवव्या दिवशी घरी गेले, वॉकर धरून लिफ्टपर्यंत. त्या लिफ्टशेजारी रुग्ण हक्कांची सनद लावलेली आहे, २०२१ च्या नियमांपासून ती लावावीच लागते. तिच्यासमोर व्हीलचेअरी उभ्या करून ठेवलेल्या असतात, पण काकूंनी ती बहुतेक वाचली होती. जाताना त्यांनी केसपेपरच्या प्रती मागितल्या. अर्ज आला की ७२ तासांत द्याव्या लागतात. ते तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर माझी १.२० ची ओळ होती.

चौथ्या दिवशी त्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन वॉर्डात आल्या. पुढच्या वेळी न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवायला हवा, म्हणाल्या. चष्मा लावून पानं उलटायला लागल्या. ते पान आलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्या तिथे थांबल्याच नाहीत. पुढचं पान काढलं. औषधांचा चार्ट, त्याच रात्रीनंतरची सकाळ.

"इथं सहाच्या गोळीवर टिक आहे. सही तुमची ना?"

माझीच होती. पहाटे रक्ताचे नमुने, युरिन बॅगा, इनटेक-आउटपुटची बेरीज, हँडओव्हर, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. मग साडेपाचला बसून पुढच्या टिका आधीच करून टाकायच्या आणि औषधं मागाहून द्यायची. सगळ्या करतात. त्या सकाळी सहाला चार नंबरचा पेशंट गेला, त्याच्यावर सीपीआर चालू होता. काकूंनी आपली वही शेजारी ठेवली. त्यांच्या अक्षरात : सकाळ, ७.१०.

"सात-दहाला दिलीत तुम्ही. मी जागी होते. चार नंबरचं काय झालं तेही बघत होते, म्हणून मागितली नाही." त्यांनी बोट टिकेवरून उचललं नाही. "पण मग सात-दहा लिहा ना, सिस्टर. ते डॉक्टर हे कागद बघून डोस ठरवणार."

मी खिशातलं पेन काढलं. पण ती झेरॉक्स होती. मूळ फाइल तळमजल्यावर रेकॉर्डला जमा झाली होती.