पेट-सीटीच्या बिलावरची एक ओळ

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन 14 मार्चला झालं. ते कॅशलेसमध्ये बिनबोभाट पार पडलं. अडकले ते त्याआधी, 22 फेब्रुवारीला, बाहेरच्या सेंटरमध्ये केलेल्या पेट-सीटीचे (कॅन्सर शरीरात कुठवर पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) 18,500 रुपये.

आमच्या पॉलिसीत ॲडमिट होण्याआधीच्या 30 दिवसांचा खर्च मिळतो. आमचे दिवस भरत होते 20, त्यामुळे मी निर्धास्त. आणि टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) पत्र आलं : हेल्थ चेकअप, देय नाही. चेकअप? बिल काढून पाहिलं तर त्यावर पेट-सीटी हा शब्दच नाही. 'होल बॉडी पॅकेज - 1' एवढीच ओळ. काउंटरवरच्या मुलाने हजाराची सवलत देण्यासाठी पॅकेजचा कोड टाकला होता. (सवलत मीच घासाघीस करून घेतली होती, हेही सांगते.)

सेंटरवर गेले. "मॅडम, मार्चएंड झाला, बिल लॉक झालंय." अहो दादा, मग अनलॉक कोण करतं? "मॅनेजर सर. ते उद्या येतील."

उद्या नाही, परवा आले. 'एफडीजी पेट-सीटी, होल बॉडी' (एफडीजी म्हणजे स्कॅनआधी टोचतात ते किरणोत्सारी औषध) असं नवं बिल हातात पडलं. रिक्षात बसल्यावर तारीख पाहिली : 9 एप्रिल! रिपोर्ट फेब्रुवारीचा, बिल एप्रिलचं. म्हणजे पुढची क्वेरी ठरलेली. रिक्षा परत वळवली. मागची तारीख टाकता येत नाही म्हणाले, ते बरोबरच. मग लेटरहेडवर लिहून मागितलं : अमुक नंबरचं बिल रद्द, त्याऐवजी हे, स्कॅन 22 फेब्रुवारीला झाला. सही-शिक्का. शिक्क्याची चावी जेवायला गेलेल्या बाईंकडे! स्कॅनच्या दिवशी मात्र हेच लोक 'औषध 110 मिनिटांत निम्मं होतं, उशीर करू नका' म्हणून तीनदा फोन करत होते.

हो, पावती थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, माझी निम्मी उडाली होती. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव आणि 'स्टेजिंगसाठी' (म्हणजे आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहण्यासाठी) असं लिहून घ्या. आमच्या डॉक्टरांनी ते न मागता लिहिलं होतं, त्यावरच फाइल तरली. नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट झालात तर सहसा काही मिळत नाही. काउंटर सोडण्याआधी बिलावरची ओळ, नाव, तारीख तिथेच वाचा, मागे रांग कितीही कुरकुरली तरी.

मे महिन्यात पैसे जमा झाले. 18,400. रजिस्ट्रेशनचे 100 कापले.