इंद्रियांची क्षमता वाढते ती कुठे?

ज्ञानेंद्रियांची क्षमता वाढवण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा उपकरणांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. उपकरणांचे मोल मी कमी मानत नाही. १६०९ मध्ये गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी गुरूचे चंद्र माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात आले. तरीही या विषयावरचे वाचन वाढत गेले तसे माझे मत पक्के होत गेले, की संवेदनांची खरी वाढ मेंदूत होते, आणि तीही माणूस स्वतः हालचाल करून, चाचपून, शोध घेत असेल तरच.

या मताला सर्वांत भक्कम आधार मला अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल बाख-इ-रिता यांच्या प्रयोगात मिळतो. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात त्यांनी दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीच्या पाठीत चारशे कंपक बसवले होते. कॅमेऱ्यासमोरचे दृश्य या कंपकांच्या साहाय्याने खुर्चीत बसलेल्या अंध व्यक्तीच्या पाठीवर उमटत असे. कॅमेरा स्थिर असला किंवा दुसरे कोणी तो फिरवत असले, तर त्या व्यक्तीला केवळ पाठीवर काहीतरी थरथरते आहे एवढेच जाणवे. पण कॅमेऱ्याची सूत्रे तिच्या स्वतःच्या हाती दिली की सरावानंतर पाठीवरच्या कंपनांकडचे लक्ष सुटून समोर, काही अंतरावर, एखादी वस्तू असल्याची जाणीव होऊ लागे. कॅमेऱ्याची भिंग-रचना बदलून प्रतिमा एकाएकी मोठी केली, तेव्हा वस्तू अंगावर येते आहे असे वाटून माणसे मागे झुकली, हा त्यातला तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कंपने पाठीवर होती आणि वस्तू मात्र समोरून येत होती. पुढे याच विचारातून जिभेवर सौम्य विद्युत्-स्पंदने देणारे उपकरण तयार झाले. जिभेवर मज्जातंतूंची दाटी असते आणि लाळेतून वीज सहज वाहते, त्यामुळे ही जागा पाठीपेक्षा कितीतरी सोयीची ठरली.

काही वेळा तर उपकरणही लागत नाही. अनेक अंध व्यक्तींना अडथळा जवळ आल्याचे आधीच कळते, आणि ही जाणीव चेहऱ्याच्या त्वचेला होते असे त्यांच्यापैकी कित्येकांना स्वतःलाच वाटत असे. १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवले की चेहरा झाकला तरी ही क्षमता टिकते, कान बंद केले की मात्र ती जाते. म्हणजे माणूस नकळत प्रतिध्वनी ऐकत होता. जिभेने टिचकीसारखा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून परिसर ओळखण्यात तरबेज असलेल्या अंध व्यक्तींच्या मेंदूची २०११ मध्ये तपासणी झाली, तेव्हा प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग सक्रिय होत असल्याचे आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात अंध आणि डोळस अशा दोन्ही गटांतल्या व्यक्ती होत्या, त्यांची वये २१ ते ७९ होती, आणि वय या शिक्षणाच्या आड आले नाही. वय झाले की इंद्रिये मंदावणारच, असे म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

घ्राणेंद्रियाची तर आपण फारच उपेक्षा करतो. डोळे आणि कान झाकलेल्या माणसांना गवतावर सोडलेल्या चॉकलेटच्या वासाचा माग रांगत काढता येतो, आणि सरावाने त्यांचा वेग वाढतो, हे २००७ मधल्या एका अभ्यासात दिसले. एक नाकपुडी बंद केली की अचूकता घटली. ज्यांची वास घेण्याची क्षमता आजारपणात कमी झाली आहे, त्यांच्यासाठी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास दिवसातून दोनदा लक्षपूर्वक घेण्याचा बारा आठवड्यांचा सराव जर्मन संशोधक टॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडला. नुसते हुंगणे त्यात पुरेसे नसते. कोणता वास आहे हे मनात धरून तो घ्यावा लागतो.

आकाशनिरीक्षणात मला हाच अनुभव येतो. अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास सहज लागतो. त्यानंतरही देवयानी दीर्घिकेसारखी अंधुक वस्तू थेट पाहण्यापेक्षा तिच्या किंचित बाजूला नजर ठेवली की अधिक स्पष्ट दिसते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या केंद्रबिंदूत नसतात. डोळा तोच असतो, पाहण्याची रीत शिकावी लागते.

सरावाला मर्यादा आहेत, हेही स्पष्ट सांगायला हवे. माणसाच्या अंतर्कर्णातल्या ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. अशा वेळी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेले आणि श्रवणतंतूंना विजेचे संकेत देणारे उपकरण, उपयोगी पडते, परंतु त्यातले बारा ते बावीस इलेक्ट्रोड हजारो केसपेशींचे काम जसेच्या तसे करू शकत नाहीत. ज्यांना पूर्वी ऐकू येत असे, अशा अनेकांना सुरुवातीला बोलणे यांत्रिक आणि अनोळखी वाटते, आणि पुढचे कित्येक महिने ते आवाज ऐकत, बोलत, चुका सुधारत मेंदू त्यांचा अर्थ लावायला शिकतो. म्हणून शस्त्रक्रियेइतकेच लक्ष, वेळ आणि पैसा त्यानंतरच्या श्रवण-प्रशिक्षणाला मिळाला पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.