जुनी ट्रॅव्हलर घेताय? आधी ब्रेक बघा

'जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतोय, रस्त्यात दगा देऊ नये म्हणून काय काय बघू?' हे मला सारखं विचारलं जातं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा इंजिनाबद्दल ऐकायचं असतं. मी मात्र ब्रेकपासून सुरुवात करतो. गाडी बंद पडली तर फार तर उशीर होतो. ब्रेक गेला तर तसं नाही; आंबा घाट उतरताना मागे बारा-पंधरा माणसं बसलेली असतात.

डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम (निर्वात) एक वेगळा पंप तयार करतो. इंजिन बंद झालं की एक-दोनदा पेडल दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगडासारखं घट्ट. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर बूस्टर, पंप किंवा मधला पाइप यांपैकी काहीतरी गेलंय.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल (डॉट ४ ही ब्रेक ऑइलची प्रत) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. उतारावर ड्रम तापले की जुन्या ऑइलची वाफ होते आणि पेडल सरळ खाली बसतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला, बाटलीत बरं दिसत असलं तरी.

आणि घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका, कळकळीने सांगतो. 'डिझेल वाचतं' ही समजूत खोटी आहे. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर जुन्या डिझेल पंपाचा गव्हर्नरही (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायलाच डिझेल जळतं. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

आता इंजिन. जुन्या ट्रॅव्हलरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वर बेतलेलं, कॉम्प्युटर नसलेलं. त्यामुळे बरेच दोष पान्याने सापडतात. सगळ्यात जास्त छळतो तो म्हणजे डिझेल लाइनने एअर पकडणं, म्हणजे लाइनमध्ये हवा शिरणं. सकाळी गाडी सुरू होते, काही सेकंद चालते आणि विझते. डिझेल फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू (हवा काढायचा) ढिला करा, डिझेल लाइनवरचा छोटा हँडपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, शेवटी स्वच्छ डिझेल. तसंच वाहत असताना स्क्रू आवळा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण हवा कुठून तरी आत येतेच आहे. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन डिझेल ओढून घेते. तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर न गळता हवाच आत शिरते. म्हणून खाली ओल दिसत नाही आणि मेकॅनिक भलतीकडेच शोधत बसतो. रबरी नळ्या वाकवून बघा, फिल्टरचे तांब्याचे वायसर नवे टाका.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, त्याचे क्षार आत साचतात. कूलंटच घाला, आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

धूर काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. थंडीत पांढरा धूर निघून लगेच थांबला तर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना आत गरम करणारे) तपासा. थांबलाच नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा, संशय घ्या. हे थंड इंजिनावरच कळतं. त्यामुळे गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.