आमची वाटचाल : पहिलं पोतं दिंडीचं

आमची डाळमिल आज लातूरच्या एमआयडीसीत आहे, पण धंद्याचं मूळ औसा तालुक्यात, किल्लारीजवळच्या आमच्या गावात. तिथं वडिलांची, म्हणजे अण्णांची, पिठाची गिरणी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव नुकतंच झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. घरं झोपलेल्या माणसांवरच बसली. आजी आणि धाकटी आत्या गेल्या. गिरणीही गेली.

ज्याला रात्री वाजतगाजत निरोप दिला, त्यानं सकाळपर्यंतसुद्धा गाव राखलं नाही, असं बरेच जण तेव्हा बोलले. त्यांचं काय चुकलं? अण्णांनी मात्र गळ्यातली माळ उतरवली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये माय रडत बसली की म्हणायचे, "देवाला जाब विचारू, पण आधी लेकरांना पीठ लागतंय. गिरणी उभी करू."

गिरणी उभी राहिली आणि १९९७ साली तिच्याच कमाईवर आम्ही लातुरात तुरीच्या डाळीचा छोटा कारखाना टाकला. तूर चाळायची, रोलरवर घासून सालीला ओरखडे पाडायचे, तेल लावून ढीग मुरवायचा, मग पाणी मारून ओट्यावर उन्हात पसरायची. ऊन नीट लागलं तरच साल सुटते आणि डाळ अख्खी उतरते. क्विंटलमागे ७० किलोच्या आसपास डाळ, बाकी चुनी आणि भुसा, तो जनावरांना. अण्णांनी तेव्हापासून रीत घातली की हंगामातलं पहिलं पोतं आषाढीच्या दिंडीचं. त्याचा हिशोब वहीत येत नाही.

पुढं परराज्यातल्या एका व्यापाऱ्यानं उधारी बुडवली. ते वर्ष मायच्या पाटल्यांवर निघालं.

खरी कसोटी २०१६ ला लागली. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसाला घोटभर मिळेना, तिथं तुरीवर पाणी कुठून मारणार? मिल बंद ठेवली. २०१५ मध्ये डाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती, त्या तेजीतला महाग माल गोदामात पडून होता. पाऊस झाला आणि तूर एवढी पिकली की २०१७ च्या सुरुवातीला बाजारात क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावालाही कोणी विचारेना. एकीकडं आमचा महाग साठा, दुसरीकडं मोंढ्यात पडेल भावानं तूर टाकून जाणारा शेतकरी. आडतीवरचे काहीजण म्हणाले, "काटा जरा हलका धरा, भरून निघेल." अण्णांनी त्या दिवशी काट्याजवळ स्वतः खुर्ची टाकली. दिंडीचं पोतंही निघालं, आणि मी चिडलो तेव्हा म्हणाले, "बाबा, तोटा आपला झाला. पोतं त्याचं आहे."

देव संकट टाळील, असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. संकटात नियत फिरू देऊ नको, एवढंच ते विठ्ठलाकडं मागायचे. माझा भरवसा त्यांच्याकडूनच आलाय. कर्ज फिटायला वर्षं गेली, पण एकाही शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, आम्ही थकवली नाही. त्यामुळेच हात आखडता घ्यायच्या दिवसांत लोकांनी विश्वासावर माल टाकला. यात मला देवाचा हात दिसतो, दुसऱ्याला न दिसला तरी माझी तक्रार नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. दवाखान्याच्या दारातूनच आम्हाला माघारी यावं लागलं. तेव्हा मीही देवाशी भांडलो, खूप भांडलो. पण चौथ्या दिवशी हमाल दारात उभे होते, त्यांची हजेरी द्यायची होती.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं पुन्हा शिवारं खरवडून नेली. उभ्या तुरीत पाणी साचून मुळं कुजली. जी वाचली ती बरीचशी डागी. शेतकरी बिचकत विचारतात, "मालक, असला माल घेता का?" घेतो. डागी तूर वेगळी चाळतो, भाव समोर बोलतो, आणि पट्टी त्याच दिवशी हातावर ठेवतो.