न भरलेले व्रण

त्या मंगळवारी एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासण्याच्या यादीत तिचे नाव तिसरे होते. फलटण तालुक्यातून आदल्या दिवशीच आई-वडिलांबरोबर मुंबईला आलेली ही 22 वर्षांची मुलगी पोट साफ करण्याचे औषध पिऊन रात्रभर जागली होती, तरी बाकावर ताठ बसून माझ्याकडे पाहून हसली. दोन महिन्यांपूर्वी ती भिंतीचा आधार घेत वजनकाट्यावर चढली, तेव्हा काटा 38 किलोंवर थांबला होता. त्या सकाळी तो 41 दाखवत होता. ‘‘मॅडम, पोरगी जेवायला लागली बघा. रात्रीचा तापबी गेला,’’ असे सांगत वडिलांनी घरच्या बागेतल्या डाळिंबांची पिशवी माझ्या टेबलाशी ठेवली.

तिच्या आजाराची सुरुवात वर्षभरापूर्वी बेंबीच्या उजवीकडे, खालच्या बाजूला येणाऱ्या कळांनी झाली. पुढे जुलाब, संध्याकाळचा ताप आणि घटत जाणारे वजन असे एकेक लक्षण जोडले गेले. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला व्रण, म्हणजे जखमा होत्या. आपल्याकडे या जागी व्रण दिसले की दोन नावे एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात : आतड्याचा क्षय, आणि शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटून होणारा क्रोन्स आजार. दोन्हींत लक्षणे तीच, स्कॅनवर जाड झालेले आतडे तेच, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या गाठीही पुष्कळदा सारख्याच. उपचार मात्र विरुद्ध टोकांचे आहेत. क्षय असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड दिले, तर जंतूला मोकळे रान मिळून तो शरीरभर पसरू शकतो. क्रोन्स असताना क्षयाची औषधे देत राहिलो, तर तेवढ्या महिन्यांत आतडे आतून आक्रसत जाते आणि शेवटी रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतो.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी 1932 मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा हा क्षय नव्हे हे दाखवणे त्यांनाही भाग होते. तो प्रश्न आमच्या ओपीडीत आजही दर आठवड्याला समोर बसलेला असतो. 2001 मध्ये नॉड-2 या जनुकातील बदलांचा क्रोन्सशी संबंध सापडला, त्या वेळी रक्ताच्या एका चाचणीवर काम भागेल अशी आशा मला वाटली होती. पण युरोपीय रुग्णांत नेहमी आढळणारे ते बदल भारतीय रुग्णांत फारच क्वचित सापडतात. उत्तर इथल्याच रुग्णांत शोधावे लागणार, हे मला त्यातून उमगले आणि सकाळी दुर्बीण, दुपारी प्रयोगशाळा असा माझा दिनक्रम ठरला.

तिची पहिली तपासणी दुसऱ्या एका रुग्णालयात झाली होती. तिथे व्रणांतून तपासणीसाठी काढलेले सगळे तुकडे एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले गेले. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो. त्या तुकड्यांवर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, होऊ शकत नाही. चार तुकडे साध्या सलाइनमध्ये ठेवले असते, तर या मुलीचे दुसऱ्यांदा दुर्बीण घालून घेणे टळले असते. आम्ही पुन्हा तुकडे घेतले. त्यांत क्षयाचे आम्लरोधी जंतू दिसले नाहीत, जंतूची जनुके शोधणारी जीनएक्सपर्ट चाचणी निगेटिव्ह आली आणि 42 दिवस ठेवलेल्या कल्चरमध्येही काही वाढले नाही. तरीही क्षय नाही असे म्हणता येत नव्हते, कारण आतड्याच्या क्षयात जंतू इतके विरळ असतात की या चाचण्या अनेकदा चुकतात. म्हणून कल्चरची वाट न पाहता आम्ही आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे सुरू केली होती आणि दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहायचे ठरवले होते.

या पुनर्तपासणीचे महत्त्व रुग्णाला पटवणे फार कठीण जाते. बरे वाटत असताना पुन्हा तो त्रास कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण क्रोन्सचा रुग्णही क्षयाच्या औषधांवर काही काळ सुधारतो. एक तर हा आजार मुळातच उसळतो आणि ओसरतो. शिवाय रिफॅम्पिसिनसारखे औषध आतड्यातल्या इतर जंतूंवरही काम करते. ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. क्षयाचे व्रण मात्र दोन महिन्यांत भरू लागलेले डोळ्यांना दिसतात, क्रोन्सचे तसे भरत नाहीत. तिच्या शौचातील कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन, 1,100 वरून 640 वर आले होते. ते 50 च्या खाली असायला हवे, हे मला ठाऊक होते; पण वाढलेल्या तीन किलोंच्या आनंदात मी त्या आकड्याकडे हवे तेवढे लक्ष दिले नव्हते.

गुंगीचे इंजेक्शन दिल्यावर दुर्बीण आत सरकवली. डावीकडचे आतडे स्वच्छ, गुलाबी होते. रक्तवाहिन्यांची बारीक जाळी स्पष्ट दिसत होती. उजव्या वळणाशी यकृताची निळसर छटा आतड्याच्या भिंतीतून दिसली, सिस्टरांनी पोटावर हलका दाब दिला आणि आम्ही टोकाशी पोहोचलो. मी पाण्याने जागा धुतली. फेस बाजूला झाला आणि ते तिथेच होते : आतड्याच्या लांबीला समांतर गेलेले तीन खोल व्रण, पांढुरक्या तळाचे, कडा सुजलेल्या, मधला निरोगी भाग उंचवट्यासारखा वर आलेला. क्षयाचे व्रण बहुधा आडवे, आतड्याला वेढा घालणारे असतात आणि लहान व मोठ्या आतड्यामधली झडप उघडीच राहते. इथे झडप इतकी अरुंद झाली होती की दुर्बीण पलीकडे जाईना. शेजारच्या पडद्यावर मी दोन महिन्यांपूर्वीचे छायाचित्र मागवले. दोन्हींत फरक नव्हता.

आई-वडिलांना आत बोलावून मी सावकाश सांगितले. हा क्षय दिसत नाही, क्रोन्स आहे. औषधे बदलावी लागतील आणि ती अनेक वर्षे चालतील. वडील काही वेळ गप्प राहिले. दोन महिन्यांपूर्वी टीबीची नोंद होणार म्हटल्यावर लग्नाच्या काळजीने रडलेल्या आईने आता विचारले, ‘‘मॅडम, टीबीच असता तर सहा महिन्यांत सुटली असती ना?’’ मी ‘‘हो’’ म्हटले. दुसरे खरे उत्तर माझ्याकडे नव्हते. झडप अरुंद असल्यामुळे बियांची फळे सध्या तिला चालणार नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगावे लागले. वडिलांनी डाळिंबांच्या पिशवीकडे पाहिले आणि ‘‘ती तुमच्यासाठीच आहेत,’’ एवढेच म्हणाले.

दुपारी प्रयोगशाळेत गेले. क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी-पेशी क्रोन्सपेक्षा अधिक असतात, असे दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी दाखवले होते. आमच्या रुग्णांत त्या मोजमापाचा कितपत उपयोग होतो, हे आम्ही तपासत होतो. नमुने सांकेतिक क्रमांकाने ठेवलेले असतात आणि अंतिम निदान निश्चित झाल्यावरच ते तक्त्यात भरले जाते. माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने या मुलीचा क्रमांक टाकला आणि पडद्यावर क्रोन्सच्या रकान्यात एक ठिपका उमटला, बाकीच्या सगळ्यांच्या खूप वर, थेट क्षयाच्या ठिपक्यांच्या उंचीवर. त्या एका ठिपक्याने दोन गटांमधली रेषा पुसट झाली.

विद्यार्थिनीने वही उलटून पाहिली. नमुना घेतला त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि हा नमुना चार तास उशिरा पोहोचला होता; उशिरामुळे पेशींची मोजणी बिघडते, तेव्हा तो वगळता येईल, असे तिने सुचवले. मला तो मार्ग क्षणभर फार आवडला, हे इथे लिहिलेच पाहिजे. मग मी तिला त्याच दिवशीचे इतर नमुने काढायला सांगितले. आणखी दोन नमुने त्याच ट्रेमधून तितक्याच उशिरा आले होते. ते दोन्ही अपेक्षित बाजूला पडले होते, म्हणून त्यांच्या उशिराची चौकशी आमच्यापैकी कुणीच केली नव्हती. वगळायचे तर तिन्ही, ठेवायचे तर तिन्ही. उशीर किती झाला तर नमुना बाद, हे आम्ही आधी लिहून ठेवलेले नव्हते. ती चूक माझी होती. तिन्ही ठेवले. चार तासांची मर्यादा पुढच्या नमुन्यांसाठी त्याच संध्याकाळी नियमावलीत लिहिली.

क्षयाची औषधे थांबवून तिला स्टेरॉइड सुरू केले. प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन देण्याआधी एनयूडीटी-15 या जनुकाची चाचणी केली. या जनुकातील बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी त्या औषधाने धोकादायकरीत्या घसरतात. 2014 मध्ये कोरियातील क्रोन्सच्या रुग्णांत हे प्रथम दिसले आणि भारतीयांनाही ते लागू पडते. तिच्यात तो बदल नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हा तीनपैकी दोन व्रणांच्या जागी पांढरट, चमकदार वण होता आणि तिसरा निम्म्याहून अधिक भरला होता. झडप अजून अरुंदच आहे. आता ती दर तीन महिन्यांनी येते, बहुतेक वेळा एकटीच, पहाटेच्या एसटीने.