बर्फाचा मोड आणि कापसाची गंजी

आमच्या घरी दोन कॅमेरे आहेत आणि दोघांचंही वय झालंय. मोठा म्हणजे निकॉनचा डी-४०, २००६ च्या शेवटी बाजारात आलेला, सहा मेगापिक्सेलचा डीएसएलआर, म्हणजे डोळा लावून बघायचा, भिंग बदलता येणारा कॅमेरा. लहान म्हणजे दोन पेन्सिल सेलवर चालणारा, खिशात मावणारा, चंदेरी रंगाचा कॉम्पॅक्ट. त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत बारा मेगापिक्सेल लिहिलंय. घरात त्यांना कंपनीच्या नावानं कोणी ओळखत नाही. "मोठा काढू का लहान?" एवढंच विचारतात. मोबाइल आता सगळ्यांकडेच आहे, तरी हे दोघं अजून कपाटावर टिकून आहेत.

कॅमेऱ्यांची तुलना करणारे लेख मी आवडीनं वाचतो. एकच फुलदाणी दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपायची, फोटो मोठा करून कोपऱ्यातल्या रेघा तपासायच्या आणि शेवटी गुण द्यायचे. त्यातलं काही खोटं नसतं. फक्त त्या खोलीत मे महिना नसतो, वेचणीची धूळ नसते आणि ऐन फोटोच्या वेळी "काहून रे, जेवला का नाही?" असं विचारणारी काकूही नसते. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमच्या गावात कोणता कॅमेरा चांगला हे सांगायचं, तर आधी महिना कोणता ते विचारावं लागतं.

मेगापिक्सेलचा घोळ मात्र बाराही महिने चालतो. शेजारचे भाऊ दोन्ही आकडे ऐकून म्हणाले, "लहानात बारा अन् मोठ्यात सहाच? हे त उलटंच झालं." मग मी त्यांना पेरणीच्या हिशेबानं सांगितलं. मोठ्याच्या आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, साधारण २३.७ बाय १५.५ मिलिमीटरचा. लहानाचा ६.२ बाय ४.६ चा. म्हणजे वावर तेरा पटींनी लहान आणि त्यात झाडं मात्र दुप्पट. भाऊंना पुढचं सांगावं लागलं नाही. "मंग बोंड बारीकच राहीन ना," ते म्हणाले. तेच होतं. एकेका पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो, आणि संध्याकाळी ओसरीतल्या पिवळ्या बल्बखाली लहानानं काढलेल्या फोटोत आजीच्या गालावर नसलेले ठिपके उमटतात. मोठा त्याच उजेडात १६०० आयएसओवरही, म्हणजे कमी उजेडासाठी संवेदनशीलता खूप वाढवली तरी, बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. घरातल्या भिंतीवर मोठी करून लावलेली फ्रेम सहा मेगापिक्सेलचीच आहे. पाहुण्यांनी आजवर कधी आकडा विचारला नाही.

मे महिना मोठ्याचा. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं त्या दिवसांत बातम्यांत ४५ अंशांच्या सोबतीनंच येतात, आणि आम्ही काही फार मागे नसतो. अशा उन्हात लहानाच्या पडद्यावर फोटो दिसत नाही, स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसतं. अंदाजानं बटण दाबायचं आणि काय आलं ते सावलीत जाऊन बघायचं. डी-४० ला पडद्यात बघून फोटो काढायची सोयच नाही. डोळा लावल्याशिवाय तो काही दाखवत नाही. पण डोळा लावला की भिंगातून आलेला उजेड आरशांच्या घडीतून थेट डोळ्यात येतो. त्याला वीज लागत नाही, आणि ऊन जितकं कडक तितकं आतलं चित्र लख्ख.

दुसरी अडचण दुपट्ट्याची. उन्हाळ्यात आमच्याकडे बाईमाणूस असो की गडीमाणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. सूर्य बरोबर माथ्यावर, दुपट्ट्याची सावली डोळ्यांवर. फोटोत पांढराशुभ्र दुपट्टा येतो आणि आतला माणूस काळा होतो. यावर उपाय म्हणजे भर दुपारी फ्लॅश मारणं. "उन्हातानाचा लाइट कायले लावतं?" म्हणून सगळे हसतात. डी-४० ची फ्लॅशशी जुळणारी वेगमर्यादा, म्हणजे फ्लॅशसोबत शटर किती झटपट उघडमीट करू शकतं ती हद्द, सेकंदाचा पाचशेवा भाग आहे. त्याच्या वर्गातले बरेच कॅमेरे दोनशेव्या भागाच्या आसपास थांबतात. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. दुपारी एक वाजता धुऱ्यावर उभं राहिलं की कळतं, कारण वेग वाढवता आला तर भिंगाचं तोंड फार बारीक करावं लागत नाही आणि एवढासा फ्लॅशही दोन पावलांवरच्या चेहऱ्यापर्यंत पोचतो. तेव्हा दुपट्ट्याखालच्या सुरकुत्या, घाम, तंबाखूनं फुगलेला गाल, सगळं जागच्या जागी येतं.

दिवाळी झाली की लहानाचे दिवस सुरू. तेव्हा वावरात वेचणी आणि घरात कापूस. भाव वाढेल या आशेवर समोरची खोली निम्म्या भिंतीपर्यंत भरलेली असते. पोरांना त्यात उड्या मारायला मनाई असते आणि अंगाला खाज सुटेपर्यंत पोरं उड्या मारतच असतात. आता हा कापूस फोटोत पांढरा आणणं ही सोपी गोष्ट नाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. त्याच्यासमोर नुसता कापूस ठेवला की उजेड फार झाला असं समजून तो फोटो अंधारवतो, आणि गंजी अशी मळकट येते, की व्यापारी नुसता फोटो पाहूनच भाव पाडेल. मोठ्याच्या शटरजवळ अधिक-उण्याचं बटण आहे. ते दाबून चकती अधिक एकवर नेली की कापूस कापसासारखा दिसतो. लहानाला असं बटण नाही. पण त्याच्या यादीत सूर्यास्त, आतषबाजी यांच्या रांगेत एक मोड आहे, बर्फाचा.

हा मोड ज्यांच्यासाठी केला ते लोक डोंगरावर बर्फात घसरत असतील. आमच्या तालुक्यात बर्फ बघायचा तर गोळ्याच्या गाडीवर जावं लागतं. पण पांढऱ्याला करडं समजू नको, एवढंच त्या मोडला ठाऊक आहे आणि आम्हाला तेवढंच हवं असतं. नोव्हेंबर ते जानेवारी आमचा लहान कॅमेरा बर्फातच असतो.

वेचणीत तो खिशातून बाहेर आला तरी कोणाचे हात थांबत नाहीत. मोठा उचलला की थांबतात. पदर सारखा होतो, ओटी मागे सरकवली जाते, कोणीतरी "थांब, तोंड पुसू दे" म्हणतं. मोठ्याला डोळा लावला की काढणाऱ्याचं तोंडच दिसत नाही, आणि समोरचा ताठ होतो. एकदा एका आबांनी विचारलं होतं, "फोटू काढून रायला का नेम धरून रायला?" लहान छातीपाशी धरून बोलता बोलता चालतो. काकूंच्या सुनेबद्दलच्या तक्रारी चालू राहतात आणि बोटंही चालू राहतात. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी खरचटलेली ती बोटं एका झटक्यात सगळ्या पाकळ्यांतला कापूस असा ओढतात, की त्यात पाल्याचा चुराही येत नाही. ते हात माझ्याकडे आहेत ते लहानाच्या फोटोंत.

शिवाय धूळ. मोठ्याचं भिंग वावरात बदललं, की सेन्सरवर कण बसतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळात त्याच जागी एक डाग येतो. डी-४० मध्ये सेन्सर झटकायची यंत्रणा नाही. मग रबरी फुगा घेऊन घरी फूफू करत बसा. लहानाचं भिंग बदलताच येत नाही, तेव्हा तो प्रश्नच मिटला. त्याची नळी बाहेर येताना जरा करकरते, तेवढं चालवून घ्यायचं.

अळीच्या बाबतीतही लहानच कामाचा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाला रडवलं, तेव्हापासून पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, फूल दिसलं की आधी डोमकळी तर नाही ना, हे बघायची सवय लागली. पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी; आत अळी असते. तिचा फोटो सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवायचा तर अळी, पाकळी, कुरतडलेलं, सगळं एकाच वेळी स्पष्ट हवं. मोठ्यात जवळून काढलं की पाकळीची कडा धारदार येते आणि अळी मागच्या धुक्यात जाते. असे फोटो लोकांना फार आवडतात, कलात्मक म्हणतात. पण अळी कलात्मक येऊन उपयोग काय? लहानाचा सेन्सर चिमुकला, म्हणून भिंगही आखूड, आणि त्यामुळे पुढचं-मागचं बरंचसं एकदमच स्पष्ट येतं. फोटोशास्त्रात ज्याला उणीव म्हणतात ती इथे कामी येते.

पोळ्याला दोघंही लागतात. बैल तोरणाखाली उभे असतात तोवर कोणताही चालतो: शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग. तोरण तुटलं की लहान मागे पडतो. बटण दाबल्यावर तो आधी फोकस शोधतो, मग विचार करतो, मग टिपतो. तेवढ्यात बैल पुढे निघून गेलेला असतो, आणि फोटोत येते ती शेपटी आणि मागून धावणाऱ्या धन्याची उडालेली टोपी. मोठा दाबला की खटकन वाजतो; सेकंदाला अडीच फोटो हा काही मोठा पराक्रम नाही, पण एखाद्यात तरी बैल पुरा सापडतो.

झडत्यांच्या, म्हणजे तोरणाखाली म्हणायच्या टोमण्यांच्या गाण्यांच्या, वेळी मात्र मोठा कुचकामी. सरकारपासून सोयऱ्यापर्यंत सगळ्यांची उतरवणाऱ्या त्या झडत्या म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याचा खरा जीव, आणि डी-४० ला आवाज ऐकूच येत नाही. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर निकॉनचाच डी-९०, तो २००८ चा. त्याआधीचे सगळे मुके-बहिरे. लहान मात्र ६४० बाय ४८० चा भुरकट का होईना, व्हिडिओ काढतो. त्यात आबा हात उंच करून झडती म्हणताहेत, शेवटी अख्खा गाव "हर बोला हर हर महादेव" म्हणतो, आणि त्या गलक्यानं आवाज फाटतो. चित्र असं, की आबांचं नाक ओळखू येत नाही. आवाजानं ओळखतात सगळे.

लहानाची एकच कटकट आहे, सेल. ते घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला आणि टॉर्चलाही चालतात, त्यामुळे ऐन वेळी कॅमेरा उघडला तर पोट रिकामं. मोठ्याची स्वतःची बॅटरी आहे, ती कोणाच्याच उपयोगाची नाही, म्हणून ती नेहमी भरलेली.

आता नागपुरात कॉलेजला असलेल्या भाचीला लहान हवाय. तिच्या मैत्रिणींत म्हणे जुन्या कॉम्पॅक्टची फॅशन आलीय. तोंडावर पांढरा फ्लॅश, मागे गडद काळोख, असे फोटो मुद्दाम काढतात. आम्ही जे टाळण्यासाठी धडपडलो ते आता मागून घेतात. "मामा, मोठा तुम्हीच ठेवा, तो फार जड आहे," असंही वर म्हणाली. दिला. पोळ्याच्या आधी परत आणायच्या बोलीवर. झडत्यांचं कार्ड मी काढून ठेवलंय. नवं घेशील तर बत्तीस जीबीच्या वरचं घेऊ नको, तो ओळखत नाही, असं सांगितलं. सेल तिनं निघताना घड्याळातलेच नेले.