हातमोज्याचं बटण

जुन्या काळातली प्रेमकहाणी पडद्यावर सुरू झाली की मी चेहऱ्यांपेक्षा हातांकडेच जास्त बघते. चेहरा कसलेल्या नटाचा असतो, तो काय दाखवायचं ते ठरवून दाखवतो. हात मात्र चुगली करतात.

"आज काही घडणार आहे की नाही?" शेजारून नवऱ्याचा प्रश्न येतो. घडणं म्हणजे त्याच्या लेखी कुणीतरी निदान तोंड उघडून काहीतरी बोलणं.

"अरे, आत्ताच घडलं. तू मोबाइलमध्ये होतास."

घडलेलं असतं ते एवढंच. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या २००५ सालच्या चित्रपटात डार्सी एलिझाबेथला घोडागाडीत चढायला हात देतो. दोघांच्याही हातांत मोजे नाहीत. ती चढते, तो पाठ फिरवून चालू लागतो आणि कॅमेरा त्याच्या हातापाशी रेंगाळतो. चटका बसावा तशी बोटं ताणून पसरतात. संपलं. पण नाचतानासुद्धा हातमोजे घालायचे आणि लग्न ठरल्याशिवाय एकमेकांना पत्रही लिहायचं नाही, अशा रीतीच्या जगात उघड्या तळव्याला तळवा लागणं हे प्रकरणच म्हणायचं.

या चित्रपटांचं कौतुक करताना लोक "काय वेशभूषा, काय झुंबरं!" म्हणतात तेव्हा मला जरा राग येतो. झुंबर काय, लग्नाच्या हॉलमध्येही असतं. जुन्या काळाचा कपडा पडद्यावर नुसता शोभून चालत नाही, तो नडला पाहिजे. अलीकडे कित्येक मालिकांत नायिकेचा झगा नुकताच इस्त्रीहून आल्यासारखा दिसतो आणि तो कुणाच्याच वाटेत येत नाही. मग ताण कुठून यायचा?

नडणं म्हणजे काय ते 'द एज ऑफ इनोसन्स'मध्ये बघावं. १८७०च्या दशकातलं न्यूयॉर्क. १९९३ साली हा चित्रपट केला मार्टिन स्कोर्सेसीनं, ज्याच्या नावावर गुंडांचे रक्तबंबाळ सिनेमे आहेत. इथे मात्र बंद घोडागाडी, आत तो आणि ती, आणि तिच्या हातात घट्ट बसलेला हातमोजा. तो मोज्याचं बटण काढतो. मोजा जरासा मागे सरतो, मनगटाची चिमूटभर कातडी दिसते आणि तो तिथे ओठ टेकवतो. सगळी ताकद त्या बटणात आहे. ते चटकन निघालं असतं तर प्रसंग तिथेच मेला असता.

कधी कधी तर यंत्रच नडतं. 'बॅरी लिंडन'साठी (१९७५) दिग्दर्शक कुब्रिकला काही प्रसंगांचं चित्रण मेणबत्तीच्या उजेडातच करायचं होतं. त्यासाठी त्यानं नासाकरता घडवलेली झाइस कंपनीची एफ ०.७ भिंगं मिळवली, म्हणजे अगदी मंद उजेडातही चित्र टिपणारी, खूप मोठ्या तोंडाची. अडचण अशी, की एवढ्या उघड्या भिंगात फोकस जेमतेम बोटभर खोलीचा. नट जरा पुढे झुकला की चेहरा धूसर. म्हणून जुगाराच्या टेबलावरची ती दोघं, बॅरी आणि लेडी लिंडन, हलतच नाहीत, नुसती बघत राहतात. आपल्याला वाटतं, केवढा हा संयम!

आणि १९६२च्या हाँगकाँगमधले ते दोन शेजारी, वाँग कार-वाईच्या 'इन द मूड फॉर लव्ह'मधले? तिची मान ताठ धरणारी उंच कॉलर, शेवयांचा डबा, आणि अरुंद जिना. समोरून कुणी आलं की अंग चोरावंच लागतं. दिवस उलटला हे कळतं ते बरेचदा तिचा चिओंगसाम, म्हणजे तो उंच कॉलरचा अंगाबरोबरचा चिनी झगा, बदललेला दिसतो म्हणून.

हे सगळं मी नवऱ्याला एका दमात सांगितलं. तो हं हं करत होता. पडद्यावर हातमोज्याचा तो घोडागाडीतला प्रसंग केव्हाच सरला होता. मग मोबाइल उपडा ठेवत म्हणाला, "मागे घे जरा. बटण एकच होतं का?"

रिमोट त्याच्याच मांडीखाली निघाला.